शंभर टक्के टिक, आणि जागचा न हललेला आकडा : ऑन्टारिओच्या सर्जिकल चेकलिस्टची केस

मी ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे, १७ वर्षं झाली, मराठवाड्यातल्या एका शहरातलं खाजगी हॉस्पिटल. एके दिवशी सकाळी साडेआठला लिस्टवरच्या पहिल्या पेशंटची फाईल उघडली तर आतल्या चेकलिस्टच्या कागदावर तिन्ही रकान्यांत टिक मारून झालेली होती. तिसरा रकाना म्हणजे साईन आऊट, त्यात ऑपरेशन संपल्यावर मॉप (रक्त टिपायचे कापडाचे तुकडे), गॉज, सुया, अवजारं यांचा काउंट बरोबर आला का, म्हणजे पेशंटच्या आत काही राहिलं नाही ना, ते लिहायचं असतं. आणि पेशंट अजून वॉर्डातच होता, भूल दिलेली नव्हती, मॉपचं एक पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. टिक मारणारी मुलगी आमच्याकडची हुशार मुलगी, कामाला वाघ. पण आदल्या महिन्यात ऑडिटवाल्यांनी तिचे दोन कागद अपुरे आहेत म्हणून तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, आणि त्यातून ती काय शिकली तर कागद पुरा पाहिजे. मला तिचा राग आला नाही, मला भीती वाटली, कारण ती जे शिकली ते आम्हीच तिला शिकवलेलं होतं.

त्या दिवसापासून मला कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताची केस सारखी आठवते. ती नीट लिहून काढावी असं बरेच दिवस मनात होतं, कारण चेकलिस्टवर बोलताना सगळेजण यशाची पहिली गोष्ट सांगतात आणि ही दुसरी सोडून देतात, आणि माझं मत विचाराल तर ओटीत काम करणाऱ्यांसाठी दुसरीच जास्त कामाची आहे.

पण पहिली सांगितल्याशिवाय दुसरी कळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या जूनमध्ये १९ मुद्द्यांची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट आणली, तीन टप्प्यांची : भूल देण्याआधी साईन इन, चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबून टाईम आऊट, आणि शेवटी साईन आऊट. हे काम ज्यांच्या पुढाकाराने झालं ते अतुल गावंडे अमेरिकेत जन्मलेले, वाढलेले सर्जन, पण मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उमरखेड तालुक्यातलं उटी, त्यांचे वडील आत्माराम गावंडे तिथून डॉक्टर होऊन अमेरिकेला गेले. आपल्याकडच्या ट्रेनिंगमध्ये हे मी आवर्जून सांगते, कारण ही चेकलिस्ट कुठून तरी साहेबाच्या देशातून आपल्या डोक्यावर येऊन पडली असं नवीन मुलींना वाटतं, तसं नाहीये, तिची चाचणी झाली त्या आठ शहरांमध्ये दिल्लीसुद्धा होतं. टोरांटो, दिल्ली, अम्मान, ऑकलंड, मनिला, लंडन, सिएटल आणि टांझानियातलं इफाकारा नावाचं छोटं गाव. काही श्रीमंत, काही अगदी आपल्या तालुक्यासारखी. ऑक्टोबर २००७ ते सप्टेंबर २००८ या काळात आधी चेकलिस्ट न वापरता ३७३३ पेशंटांची नोंद ठेवली, मग चेकलिस्ट सुरू करून ३९५५ पेशंटांची. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, गुंतागुंत झालेल्यांचं ११ वरून ७ टक्क्यांवर. २००९ च्या जानेवारीत हे छापून आलं आणि जगभर एकच धांदल उडाली.

आता या आकड्यांमागे काय घडलं ते बघण्यासारखं आहे. नुसत्या कागदाने इन्फेक्शन कमी होत नाही. अँटिबायोटिकचंच घ्या. चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत ते रक्तात गेलं पाहिजे, म्हणजे चाकू लागतो त्या क्षणी त्या जागी औषध हजर असतं. प्रत्यक्षात काय होतं, की वॉर्डातली सिस्टर ऑर्डरप्रमाणे सकाळी सातला इंजेक्शन देते, मग आधीची केस लांबते, मग ऑटोक्लेव्हचा (निर्जंतुक करायच्या यंत्राचा) ड्रम यायला उशीर, मग सर राऊंडला अडकतात, आणि पेशंट टेबलवर येतो साडेअकराला. फाईलवर अँटिबायोटिक दिलेलं आहे, पण चीर देताना त्याचा जोर ओसरलेला आहे. चाचणीतल्या हॉस्पिटलांत चेकलिस्टमुळे हा प्रश्न ओटीत मोठ्याने विचारला जायला लागला तेव्हा ही गडबड उघडी पडली, आणि इंजेक्शन वॉर्डात न देता ओटीतच द्यायचं असा बदल झाला. वेळेवर अँटिबायोटिक मिळणाऱ्यांचं प्रमाण ५६ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांच्या जवळ गेलं. म्हणजे कागदाने काय केलं, तर कामाची जागा बदलायला लावली. हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच ट्रेनिंगच्या स्लाईडवर नसतं.

अजून एक आकडा, कमी सांगितला जाणारा. त्या अभ्यासात सहा मूळ गोष्टी मोजल्या होत्या, श्वासमार्गाची तपासणी, पल्स ऑक्सिमीटर, रक्त जास्त जाणार असेल तर पुरेशा सलाईन लाईन्स, अँटिबायोटिक, पेशंटची ओळख आणि बाजू तोंडी विचारून पक्की करणं, आणि मॉपचा काउंट. सहाच्या सहा गोष्टी झाल्या अशा केसेस आधी ३४ टक्के होत्या, नंतर ५७ टक्के. म्हणजे चेकलिस्ट आल्यावरसुद्धा दर शंभरातल्या ४३ केसेसमध्ये काहीतरी राहतच होतं, आणि तरी इतका फरक पडला. हे आकडे वाचताना मला त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटला तो यामुळेच, कारण त्यात शंभर टक्के कुठेच नव्हतं.

आता ऑन्टारिओ. टोरांटो याच प्रांताची राजधानी, म्हणजे चाचणीतल्या आठ हॉस्पिटलांपैकी एक ऑन्टारिओच्या घरातलंच, टोरांटो जनरल हॉस्पिटल. अनुभव होता, पैसा होता, यंत्रणा होती. प्रांतातली हॉस्पिटलं २००८ पासून एकेक करून चेकलिस्ट वापरायला लागली, आणि जुलै २०१० पासून प्रांताच्या आरोग्य मंत्रालयाने सक्ती केली की प्रत्येक हॉस्पिटलने किती टक्के केसेसमध्ये चेकलिस्ट वापरली हे जाहीर करायचं, लोकांना बघता येईल असं. हेतू चांगला होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आकडे आले ते जवळपास सगळीकडे शंभर टक्क्यांच्या घरातले.

मग टोरांटोचेच सर्जन डेव्हिड अर्बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला, की चला, वापर शंभर टक्के झालाय ना, मग पेशंटला काय मिळालं? १०१ हॉस्पिटलं घेतली. प्रत्येक हॉस्पिटलने ज्या दिवशी चेकलिस्ट सुरू केली त्याच्या आधीचे ३ महिने आणि नंतरचे ३ महिने. आधीची १ लाख ९ हजारांवर ऑपरेशनं, नंतरची १ लाख ६ हजारांवर. ३० दिवसांतले मृत्यू ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्के, म्हणजे जो फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो तेवढाच. गुंतागुंत ३.८६ वरून ३.८२. जागचा आकडा हललाच नाही म्हणा ना. मार्च २०१४ मध्ये हे छापून आलं, आणि ज्या वैद्यकीय जर्नलमध्ये आठ शहरांचा निकाल आला होता त्याच जर्नलमध्ये आलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धक्का बसला, खोटं कशाला सांगू. आम्ही इथे जीव तोडून सगळ्यांच्या मागे लागायचं, सरांचा ओरडा खायचा, आणि तिकडे एवढ्या मोठ्या अभ्यासात फरकच नाही. आमच्याकडच्या एका सिनियर सर्जननी तर हा निकाल हातात घेऊन सांगितलं की सिस्टर बघा, आता बंद करा हे. म्हणून मग मी तो अभ्यास, त्याच्यावर आलेली टीका, त्याच्या बाजूने लिहिलेलं, सगळं शांतपणे वाचायला घेतलं, इंग्रजी अडलं तिथे भूल देणाऱ्या मॅडमना विचारलं, आणि जे समजलं ते असं.

आधी आकड्यांची बाजू, कारण ती खरी आहे आणि ती लपवून चेकलिस्टचं कौतुक करणं मला पटत नाही. ऑन्टारिओत मृत्यूचं प्रमाण मुळातच कमी होतं, त्यात संध्याकाळी घरी जाणारी डे-केअर ऑपरेशनंही मोजलेली, जिथे मृत्यू फार कमी होतात, तिथे ते अजून खाली आणणं आणि तो फरक तीन महिन्यांत दिसणं अवघड. तीन महिने म्हणजे काय हो, आमच्याकडे नवीन ऑटोक्लेव्ह आलं तर सगळ्यांच्या अंगवळणी पडायला तीन महिने जातात, इथे तर माणसांची बोलायची सवय बदलायची होती. दुसऱ्या बाजूने बघितलं तर आठ शहरांच्या अभ्यासालाही मर्यादा आहेत, तुलनेला चेकलिस्ट न वापरणारं दुसरं हॉस्पिटल नव्हतं, आणि ओटीत कुणीतरी वही घेऊन उभं आहे म्हटल्यावर सगळेच जरा नीट वागतात. म्हणून मृत्यू निम्मे होतात असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर मी त्याला थांबवते.

पण एवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. त्याच अंकात लुसियन लीप यांनी, पेशंट सेफ्टीच्या क्षेत्रातलं फार मोठं नाव, या निकालावर लिहिलं, आणि त्यांचा रोख असा होता की चेकलिस्ट बहुतेक खऱ्या अर्थाने वापरलीच गेली नसावी. रकान्यात टिक मारल्याने गुंतागुंत कमी होत नसते, टिकच्या मागचं काम केल्याने होते, आणि चेकलिस्ट कमी केसेसमध्ये वापरलेली असताना आकडा फुगवून दाखवणं किंवा कागद पुरा करून टाकणं हे कुठल्याही सक्तीत होतंच. वाचताना मला आमची ती साडेआठची फाईल दिसत होती. ऑन्टारिओत असंच झालं असं मी म्हणत नाही, मी तिथे उभी नव्हते. पण इंग्लंडमध्ये मात्र ओटीत प्रत्यक्ष उभं राहून शेकडो टाईम आऊट बघणारा एक अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की टीममधलं कुणीतरी ४० टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये हजरच नव्हतं आणि ७० टक्क्यांहून जास्त वेळा लोक हातातलं काम थांबवून ऐकतच नव्हते. आणि तरी कागदावर टिक असणारच ना? तीच टिक वर जाते, तिचीच टक्केवारी होते, आणि तीच जाहीर होते.

मला यात जी गोष्ट सगळ्यात जास्त खटकते ती ही, की मोजायला सोपं जे असतं ते आपण मोजतो. टिक मोजणं सोपं. सर्जन चीर द्यायच्या आधी खरंच थांबला का, भूलतज्ज्ञाने मान वर करून उत्तर दिलं का, सगळ्यात ज्युनियर सिस्टर काही बोलली तर तिचं ऐकलं का, हे मोजायला तिथे माणूस उभा करावा लागतो. आपल्याकडे एनएबीएचच्या (हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) निमित्ताने चेकलिस्ट बऱ्याच हॉस्पिटलांत आली, ते चांगलंच झालं, पण ऑडिटच्या दिवशी बघितली जाते फाईल. ओटीत टोपी-मास्क घालून सकाळभर उभं राहून बघणारे मला तरी फार थोडे भेटलेत.

आणि आपल्याकडची एक अडचण वेगळी आहे, ती बाहेरच्या अभ्यासांत वाचायला मिळत नाही. साईन इनमध्ये पहिला मुद्दा पेशंटची ओळख, ऑपरेशन, बाजू, संमती. आमच्याकडे प्रश्न कसा विचारला जायचा? "तुमचं नाव सुनील ना? डाव्या बाजूचं हर्निया ना?" आणि आपला पेशंट, चार तास उपाशी, गाऊनमध्ये कुडकुडतोय, चष्मा आणि कवळी बाहेर काढून ठेवलेली, कानाला कमी ऐकू येतंय, समोर डॉक्टर उभे, तो काहीही विचारलं तरी "हो" म्हणतो. डॉक्टरांना नाही म्हणायची आपल्या लोकांना सवयच नाही, तो त्यांना उद्धटपणा वाटतो. एका दिवशी लिस्टवर एकाच आडनावाच्या, एकाच नावाच्या दोन आज्या होत्या, एकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उजव्या डोळ्याचं, दुसरीचं डाव्या, आणि वॉर्डबॉय मामांनी हाक मारल्यावर दुसरीच आजी उठून स्ट्रेचरवर बसली, कारण तिला तिचंच नाव ऐकू आलं, चूक ना तिची ना मामांची. प्री-ऑपच्या खोलीत मी विचारलं, "आजी, पूर्ण नाव सांगा, मालकांचं पण, आणि कुठल्या डोळ्याचं आहे ते हात लावून दाखवा," तेव्हा तिने डाव्या डोळ्याला हात लावला आणि माझ्या हातातली फाईल उजव्याची होती. अर्ध्या मिनिटात उलगडा झाला, आजी परत बाकावर जाऊन बसली. त्या दिवशी मी "हो ना?" असं विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, आणि माझी टिक बरोबर दिसली असती. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, उत्तर प्रश्नातच द्यायचं नाही, पेशंटच्या तोंडून येऊ द्यायचं, आणि बाजू बोटाने दाखवायची.

ऑन्टारिओच्या शेजारी ठेवून बघावी अशी अजून एक केस अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायना राज्याची आहे. तिथे सक्ती नव्हती, राज्यातल्या सगळ्या हॉस्पिटलांना बोलावणं होतं, पण पूर्ण कार्यक्रम करायचा म्हणजे टीम बसवायची, चेकलिस्ट आपल्या ओटीप्रमाणे बदलून घ्यायची, एकेका सर्जनशी समोरासमोर बोलायचं, ओटीत उभं राहून बघायचं. शेवटपर्यंत टिकली फक्त १४ हॉस्पिटलं. त्या १४ मध्ये २०१० ला ऑपरेशननंतरच्या ३० दिवसांतले मृत्यू ३.३८ टक्के होते, २०१३ ला २.८४ झाले, आणि राज्यातल्या बाकी हॉस्पिटलांत ३.५० वरून ३.७१, म्हणजे थोडे वाढलेच. आता कुणी म्हणेल की जी हॉस्पिटलं शेवटपर्यंत टिकली ती मुळातच जास्त मन लावणारी असणार, आणि ते खरंच आहे, पण मला वाटतं मुद्दाही तोच आहे, मन लावायला वेळ लागतो आणि इथे तो तीन वर्षं दिला गेला होता, तीन महिने नाही.

आमच्याकडे त्या साडेआठच्या फाईलनंतर काय केलं ते सांगते, मोठं काही नाही. मी ऑडिटवाल्या मॅडमकडे गेले आणि म्हटलं की अपुऱ्या कागदाबद्दल कुणालाही ओरडायचं नाही, रिकामा रकाना मला चालेल, खोटा नको. त्यांना पटायला दोन महिने गेले. मग टिकच काढून टाकली, तिच्या जागी वेळ लिहायची, अँटिबायोटिक किती वाजता, टाईम आऊट किती वाजता, पहिला काउंट आणि शेवटचा काउंट किती वाजता. वेळही खोटी लिहिता येते, मला माहितेय, पण भुलेच्या चार्टवर दुसरी वेळ असते, मॉनिटरवर तिसरी, खोटं पटकन उघडं पडतं. काउंट भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर, मोठ्या अक्षरात, सगळ्यांना दिसेल असा, आणि मॉप पाचाच्या गठ्ठ्यात सुटे करून दोघींनी मोठ्याने मोजायचे.

सगळ्यात अवघड गेला तो एकमेकांना नावं सांगायचा मुद्दा. टाईम आऊटमध्ये प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. रोज एकत्र चहा पिणाऱ्या माणसांना हे फार विचित्र वाटतं, आमचे सर म्हणाले, "अगं, मी तुला दहा वर्षं ओळखतो." तेव्हा मी त्यांना त्या दिवशीच रुजू झालेल्या मुलीकडे बोट दाखवून विचारलं, "सर, हिचं नाव काय?" त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही, पण विचार करा, ज्या मुलीचं नावसुद्धा त्या खोलीत कुणाला माहीत नाही ती "सर, एक मॉप कमी आहे" हे कुठल्या तोंडाने म्हणणार? एकदा तोंड उघडलेलं असलं, आपलं नाव चार लोकांत म्हणून झालेलं असलं, की दुसऱ्यांदा तोंड उघडणं सोपं जातं. आता सर स्वतःच नवीन माणूस दिसला की आधी नाव विचारतात.

आठ शहरांच्या चाचणीत काम केलेल्या लोकांना शेवटी विचारलं होतं की उद्या तुमचंच ऑपरेशन असेल तर चेकलिस्ट वापरलेली हवी का, तर ९३ टक्के हो म्हणाले. मी हा प्रश्न आमच्या त्या सिनियर सर्जनना विचारला होता. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "माझ्या वेळेला तू असशील ना ओटीत?" मी म्हटलं, "सर, माझी नाईट असली तर?"

मागच्या आठवड्यात पित्ताशयाची केस होती, ती मुलगी, जिने साडेआठला तिन्ही रकाने भरले होते, त्या दिवशी स्क्रब होती, म्हणजे सर्जनच्या हातात अवजारं देणारी. ड्रेपिंग (पेशंटवर निर्जंतुक कापड पसरणं) झालं, फ्लोअरवरच्या सिस्टरने टाईम आऊट वाचायला सुरुवात केली, आणि सर कॅमेऱ्याची केबल लावता लावता भूल देणाऱ्या मॅडमशी उद्याच्या लिस्टबद्दल बोलत होते. मुलगी काही बोलली नाही. तिने ब्लेड लावलेलं हँडल किडनी ट्रेमध्ये ठेवलं, ट्रे स्वतःच्या बाजूला ओढला आणि त्याच्यावर तळहात ठेवून उभी राहिली. सरांनी हात पुढे केला, हातात काही आलं नाही, त्यांनी मान वर करून बघितलं, केबल खाली ठेवली आणि म्हणाले, "वाचा सिस्टर, पहिल्यापासून." नाव, ऑपरेशन, अ‍ॅलर्जी, सोनोग्राफीचे फोटो लावलेत का, सगळं झालं. मॅडम म्हणाल्या अँटिबायोटिक ९ वाजून १० मिनिटांनी दिलंय. घड्याळात ९:३४ झाले होते. तिने बोर्डाकडे बघून वेळ लिहिली गेलीये याची खात्री केली आणि मग ट्रे सरांच्या बाजूला सरकवला.